'विनय विधेय राम' (२०१९): बोयापाटींचा सूडपट नेमका कुठे फसला?

रीळमास्तर:

"गरुड मुंडकी घेऊन उडतात तो सिनेमा" एवढीच 'विनय विधेय राम'ची ओळख आता उरली आहे. त्या एका दृश्यावर हसून विषय मिटवला जातो आणि खरा प्रश्न बाजूला पडतो. तेलुगू सूडपट मन लावून पाहणाऱ्यांनी इथे सविस्तर लिहावं. रहस्यभेद होणार आहे, ज्यांना चालत नसेल त्यांनी पुढे वाचू नये.

आधी नोंदी. प्रदर्शन ११ जानेवारी २०१९, ऐन संक्रांतीत. राम चरण, कियारा अडवाणी, स्नेहा, प्रशांत ('जीन्स'मधला), खलनायक विवेक ओबेरॉय. दिग्दर्शक बोयापाटी श्रीनु, संगीत देवी श्री प्रसाद, निर्माते डी. व्ही. व्ही. दानय्या. राम चरणचा आधीचा 'रंगस्थलम' (३० मार्च २०१८) तुफान चालला होता. बोयापाटींच्या नावावर 'सिम्हा' (२०१०), 'लेजंड' (२०१४) आणि 'सरैनोडू' (२०१६) होते. दानय्यांचा 'भरत अने नेनू' आदल्याच वर्षी गाजला होता. कागदावर पडण्यासारखं काहीच नव्हतं. तरी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत 'टॉक' (प्रेक्षकांची तोंडोतोंडी प्रतिक्रिया) वाईट आला, आणि फेब्रुवारीत खुद्द राम चरणने पत्रक काढून मान्य केलं की डोळ्यांसमोर जे होतं ते पडद्यावर उतरलं नाही, प्रेक्षकांच्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत. पहिल्या फळीतला तेलुगू नायक असं लेखी सांगतो हे क्वचितच घडतं.

कथा थोडक्यात: एकत्र वाढलेले पाच अनाथ भाऊ. थोरला भुवनकुमार सनदी अधिकारी, निवडणुकीच्या कामात कुणाला न जुमानणारा. धाकटा राम घरासाठी कुठल्याही थराला जाणारा. भुवनकुमारची गाठ बिहारमध्ये राजूभाई मुन्नाशी पडते. हा आपल्या मुलखात निवडणूकच होऊ देत नाही. पुढे राम तिथे जातो आणि रक्तपात होतो.

माझं म्हणणं असं. सूडपटात चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने लागतात. काय हिरावलं गेलं, कुणी हिरावलं, न्याय मिळायला उशीर का झाला, आणि शेवटी वसुली. वसुलीला टाळ्या पडतात त्या आधीच्या तीन गोष्टींच्या जोरावर. 'विनय विधेय राम'मध्ये वसुली पहिल्या तासातच सुरू होते, विशाखापट्टणमच्या स्थानिक गुंडांवर, आणि तीही पूर्ण ताकदीने. खऱ्या वैऱ्याशी वैर का, हे मध्यंतरानंतर फ्लॅशबॅकमध्ये कळतं. तोवर नायकाने इतकी माणसं लोळवलेली असतात की बिहारमध्ये तो हरेल अशी शंकासुद्धा मनात येत नाही. शंकाच नसेल तर पुढची प्रत्येक मारामारी हिशेबाच्या वहीतल्या नोंदीसारखी होते.

---

पूर्वरंग:

धागा उत्तम. 'रंगस्थलम'चा उल्लेख केलात, तर तुलना पुरी करू. नायक तोच, संगीतकार तोच, दोन्हींत जेमतेम दहा महिन्यांचं अंतर, आणि दोन्हीकडे कथेचा कणा एकच: मोठ्या भावासाठी धाकट्याने उगवलेला सूड. एक डोक्यावर घेतला गेला, एक पडला. इतकी स्वच्छ तुलना सहसा मिळत नाही.

'रंगस्थलम' जवळजवळ तीन तासांचा आहे. त्यात कुमारबाबू (आदि पिनिशेट्टी) दुबईहून परततो, सोसायटीच्या कर्जात गाव कसं अडकलंय ते बघतो, प्रेसिडेंट फणींद्र भूपतीच्या (जगपती बाबू) विरोधात उभा राहतो. त्याचा खून होतो तो उत्तरार्धात. तोवर आपण त्याला घरात जेवताना, धाकट्याशी भांडताना, अर्ज भरायला घाबरताना पाहिलेलं असतं. धाकट्या चिट्टीबाबूला (राम चरण) नीट ऐकू येत नाही. हे व्यंग मारामारीतही त्याच्या आड येतं, म्हणजे नायकाला मर्यादा आहे. आणि शेवटची वसुली बघा: कोमात गेलेल्या माणसाची महिनोन्‌महिने सेवा करायची, त्याला शुद्धीवर आणायचं, का मारतोय ते सांगायचं आणि मग मारायचं. उशीर हाच तिथे सूडाचा भाग झालाय.

आता भुवनकुमारचं काय? तो प्रामाणिक आहे, धाडसी आहे, भावांवर माया करतो. हे सगळं संवादांतून सांगितलं जातं. पण त्याची स्वतःची भीती, चूक, हट्ट, आवडनिवड? काही नाही. प्रशांतसारखा नट घेऊन त्याला उभं राहून तत्त्वाचं बोलण्यापलीकडे काम दिलेलं नाही. भावांची संख्याही आड येते. पाच भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, शिवाय कियाराचं माहेर. पूर्वार्धातला कौटुंबिक वेळ एवढ्या माणसांत वाटला की थोरल्याच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. ज्याच्यासाठी पुढे शेकडो माणसं मरणार, त्याला एवढ्यात भागवलंय.

---

चौथा खेळ:

पूर्वरंग, 'रंगस्थलम'ची तुलना मला अर्धीच पटते. सुकुमार यांचा 'रंगस्थलम' माणसांचा, बोयापाटींचा सिनेमा आवेशाचा. बोयापाटींना बोयापाटींच्याच मापाने मोजायला हवं.

त्यांचे बाळकृष्णबरोबरचे पहिले तीन सिनेमे घ्या. 'सिम्हा'त वरकरणी सौम्य प्राध्यापक, आणि फ्लॅशबॅकमध्ये त्याचे वडील डॉक्टर नरसिंह. 'लेजंड'मध्ये कृष्णा, आणि मध्यंतराला येणारा थोरला जयदेव. 'अखंडा'त (२ डिसेंबर २०२१) शेतकऱ्यांत रमणारा मुरलीकृष्ण, आणि मध्यंतराच्या तोंडावर प्रकटणारा अघोरी जुळा. तिन्ही दुहेरी भूमिका आहेत आणि तिन्हींत काम सारखंच वाटून दिलंय: सोसणारा एक, संहार करणारा दुसरा. पहिला मार खातो किंवा अडचणीत सापडतो, प्रेक्षक चिडतो, आणि त्याची चीड ऐन टोकाला पोहोचली की दुसरा येतो. तो माणसासारखा लढला नाही तरी चालतं, कारण त्याची ओळखच माणसापलीकडची म्हणून करून दिलेली असते. 'अखंडा'तला अघोरी त्रिशूळ फिरवून गाड्या उडवतो आणि कुणी भुवई उंचावत नाही.

'विनय विधेय राम'मध्ये ही दोन्ही कामं एकाच देहावर टाकली. घरात वाकून नमस्कार करणारा राम आणि हात तोडणारा राम एकच, आणि दोघेही पहिल्या अर्ध्या तासात दाखवून संपवलेले. मध्यंतराला उघडायला हातात काही उरतच नाही. राजूभाईशी जुना हिशेब आहे एवढी बातमी मिळते, नवा माणूस भेटत नाही. माझ्या मते इथेच घसरगुंडी झाली.

---

अनामिका_ग:

मग 'सरैनोडू'चं काय? त्यात अल्लू अर्जुनची दुहेरी भूमिका नाही. 'जय जानकी नायका'तही (२०१७) बेल्लमकोंडा श्रीनिवास एकच आहे. दोन्ही बोयापाटींचेच.

---

चौथा खेळ:

रास्त प्रश्न. 'सरैनोडू'त सोसणारे लोक नायकाच्या बाहेर आहेत. खलनायक वैरम धनुष पाइपलाइनसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी बळकावतो, आणि तो अन्याय आपण नायक गणाच्या आधी पाहतो. गणा माजी सैनिक, कायद्याच्या फटीतून सुटणाऱ्यांना गाठणारा, त्यामुळे सुरुवातीपासून हाणामारी करतो हेही पात्राला धरून आहे. 'जय जानकी नायका'त सोसणारी जानकी आहे, रकुल प्रीतने केलेली. तिच्यावर कोसळलेलं संकट इतकं उघड आहे की नायकाचा प्रत्येक फटका तिच्या वतीने पडतो. म्हणजे दुहेरी भूमिका हा एक मार्ग झाला. अट एवढीच की दुःख भोगणारा कुणीतरी आधी पडद्यावर हवा आणि प्रेक्षकाने ते आधी बघायला हवं.

---

कातरकाम:

कथेवर बरंच आलं. आता दृश्य कसं बांधतात यावर, कारण थट्टा झाली ती दृश्यांची.

तीन जागा सगळ्यांच्या लक्षात आहेत. एक, राम विमानतळावरून सुसाट निघतो, पुलावरून धावत्या रेल्वेवर उडी घेतो आणि टपावर उभा राहून थेट बिहारला पोहोचतो. दोन, तो दोघांची मुंडकी उडवतो आणि आकाशातले गरुड ती झेलून नेतात. तीन, राजूभाईला साप चावतो आणि सापच मरतो.

यातलं काहीही मसाला सिनेमात मुळातच अशक्य नाही. अशी कल्पना पडद्यावर पेलायची तर तिचे ठरावीक टप्पे असतात. आधी पेरणी: ती वस्तू किंवा प्राणी निदान एकदा साध्या संदर्भात दिसायला हवा. मग जागेची ओळख: नायक कुठे, शत्रू कुठे, मधलं अंतर किती, हे एका रुंद शॉटमध्ये कळायला हवं. मग कृती. मग कृतीचा साक्षीदार: कुणाच्या तरी चेहऱ्यावर ती उमटायला हवी. शेवटी परिणाम, म्हणजे त्यामुळे पुढे काय बदललं.

गरुडांच्या दृश्यात पेरणी नाही आणि परिणामही नाही. मुंडकी वर गेली काय, खाली पडली काय, लढाईत फरक शून्य. प्रेक्षकाच्या मनात त्या क्षणी "आता काय होणार" हा प्रश्न नसतो, "हे कशाला" हा असतो. शिवाय ते पक्षी संगणकावर केलेले आणि माणसं खऱ्या उन्हात चित्रित केलेली. सावल्यांची दिशा आणि कडांचा धूसरपणा जुळला नाही की डोळा लगेच पकडतो. अशा शॉटला एक-दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ द्यायचा नसतो, आणि नेमका तोच मंदगतीत दाखवलाय.

रेल्वेचं दुखणं वेगळं. तिथे मधली कडीच गायब आहे. मुक्काम शेकडो किलोमीटर लांब, भाऊ संकटात, वेळ कमी. हे आकडे प्रेक्षकाला आधी दिले असते, वाटेत एखादं स्टेशन, एखादी रात्र, पायातलं रक्त दाखवलं असतं, तर तोच प्रवास त्याच्या जिद्दीचा पुरावा झाला असता. दोन-तीन शॉटचं काम होतं. ते गाळल्यामुळे थेट टपावरच्या पोजवर उडी आली आणि लोक हसले.

सापाचं दृश्य मात्र मला खलनायकाच्या ओळखीसाठी चुकीचं वाटत नाही. ज्याचं विष सापाला मारतं असा माणूस पडद्यावर आणलात, तर पुढे त्याने नायकाला निदान एकदा खरोखर लोळवायला हवं. ते घडत नाही, म्हणून सापही वाया गेला.

अवांतर: मंदगतीचा हिशेब कुणी करत नाही. सेकंदाला ९६ फ्रेमने चित्रित केलेला शॉट २४ फ्रेमने दाखवला की वेळ चौपट होतो. अर्ध्या सेकंदाचा फटका दोन सेकंद चालतो. एका मारामारीत असे २५ फटके घातले की फक्त फटक्यांना ५० सेकंद गेले. त्यात माणूस हवेत उडणं, आपटणं, नायकाचं वळून बघणं धरलं तर दोन मिनिटं सहज. 'लेजंड'मध्येही मंदगती आहे, पण ती निवडक फटक्यांना. इथे सगळ्यांनाच दिली, मग ठळक काहीच राहिलं नाही.

---

मृद्गंध:

कातरकाम, प्रतिसाद फार आवडला. त्यात आवाजाची भर घालते.

देवी श्री प्रसाद यांची गाणी वाईट नाहीत. 'तंदाने तंदाने' हे घरातल्या माणसांचं गाणं प्रसन्न आहे, आणि सिनेमाला हवा असलेला जिव्हाळा संवादांपेक्षा त्या गाण्यात जास्त आहे. नुकसान पार्श्वसंगीताने केलंय. जवळजवळ प्रत्येक प्रसंगाखाली ढोल, कोरस आणि ब्रास सतत वाजत राहतात. मोठा आवाज मोठा वाटायला आधी शांतता लागते. मध्यंतराच्या प्रसंगापूर्वी वीस-तीस सेकंद नुसता वारा, पावलं, श्वास ठेवला असता तर पुढचा ढोल छातीत घुमला असता. कौटुंबिक चेष्टामस्करी आणि कत्तल एकाच पातळीच्या आवाजात चालल्यावर कान बधिर होतो आणि पाठोपाठ मनही. 'रंगस्थलम' याच संगीतकाराचा. त्यात कुमारबाबूच्या मृत्यूभोवतीचे आवाज ऐका, संयम किती आहे ते कळेल.

---

सोलापुरी:

आमच्या शहरात तेलुगू बोलणारा मोठा समाज आहे, त्यामुळे या सिनेमांची चर्चा इथे नेहमीची. एक प्रश्न: पहिल्या दिवशी गल्ला जबरदस्त होता अशी पोस्टरं फिरली होती. मग आपटला कसा म्हणतात? शंभर कोटींची पोस्टरं आणि वितरकांना तोटा, दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

---

सीडेड:

दोन्ही खरं असू शकतं, कारण पोस्टरवर 'ग्रॉस' (तिकीटविक्रीची एकूण रक्कम) असतो आणि वितरक 'शेअर' (कर आणि थिएटरचा वाटा वजा जाता हाती येणारी रक्कम) मोजतो.

तिकिटापासून सुरुवात करू. १ जानेवारी २०१९ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १२ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागू झाला (त्याआधी १८ आणि २८ होता). १५० रुपयांच्या तिकिटातून कर वजा जाता राहतात सुमारे १२७ रुपये. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे वितरकाचे धरले तर त्याच्या हाती ६३-६४ रुपये आले. एकपडदा थिएटर भाड्याने घेतलं असेल तर गणित वेगळं: भाडं ठरलेलं, गर्दी असेल तर वितरकाचा वाटा वाढतो, थिएटर रिकामं गेलं तरी भाडं द्यावंच लागतं. एकूण सरासरी काढली तर मोठ्या तेलुगू सिनेमाचा शेअर ग्रॉसच्या साधारण ५५ ते ६० टक्के पडतो.

आता उदाहरण. एखाद्या सिनेमाचे थिएटरचे हक्क ८० कोटींना विकले गेले असं समजा (हा आकडा फक्त समजावण्यासाठी, या सिनेमाचा नव्हे). वितरकांची मुद्दल निघायला ८० कोटी शेअर हवा, म्हणजे ग्रॉस १३३ ते १४५ कोटी. पोस्टरवर "१०० कोटी" झळकत असतानाही ते २० ते २५ कोटी खड्ड्यात असतात. सिनेमा चालला की पडला हे ठरवायला निर्मितीखर्च नव्हे, विक्रीची किंमत बघायची.

विक्रीची किंमत ठरते मागच्या सिनेमावर. 'रंगस्थलम'नंतर राम चरणचा बोयापाटींबरोबर संक्रांतीचा सिनेमा म्हटल्यावर भाव चढणारच. हक्क विभागवार जातात: निझाम, सीडेड (म्हणजे रायलसीमा), उत्तरांध्र, पूर्व गोदावरी, पश्चिम गोदावरी, कृष्णा, गुंटूर, नेल्लोर. शिवाय कर्नाटक, उर्वरित भारत, परदेश. व्यवहार तीन प्रकारचे. 'एनआरए' म्हणजे पैसे परत न मिळणारे, तोटा वितरकाचा. 'एमजी' म्हणजे किमान रक्कम ठरलेली, त्यावर कमाई झाली तर वाटणी. 'अॅडव्हान्स' म्हणजे आगाऊ रक्कम द्यायची, कमी पडलं तर निर्मात्याकडून परत मागायची, वितरकाला कमिशन. सिनेमा पडला की पुढच्या सिनेमाच्या वेळी याच तोट्याची वाटाघाट होते.

तारखांकडेही बघा. ११ तारीख शुक्रवार. भोगी १४ ला, संक्रांत १५ ला, कनुमा १६ ला. सहा दिवस जवळजवळ सुट्टीचेच. अशा वेळी वाईट टॉक असूनही 'बी' आणि 'सी' सेंटरची (लहान शहरं आणि गावांतली) थिएटरं भरतात, विशेषतः सीडेड आणि उत्तरांध्रमध्ये, जिथे मारधाड हक्काने चालते. खरी परीक्षा १७ तारखेपासून होती आणि तिथे उतार लागला.

मराठी वाचकांसाठी एक माहिती: हिंदी चित्रव्यवसायात 'निझाम' सर्किटमध्ये मराठवाड्याचे जिल्हेही मोडतात, कारण सर्किटांच्या सीमा जुन्या संस्थानांवरून पडलेल्या. तेलुगू व्यवसायात मात्र निझाम म्हणजे मुख्यतः तेलंगण.

---

पूर्वरंग:

सीडेड, स्पर्धेचाही उल्लेख हवा. त्या संक्रांतीला ९ तारखेला 'एनटीआर: कथानायकुडू', १० ला रजनीकांतचा 'पेट्टा', ११ ला हा आणि १२ ला अनिल रविपुडींचा 'एफ२'. वेंकटेश आणि वरुण तेजचा तो विनोदी सिनेमा बाकी सगळ्यांना मागे टाकून गेला. संक्रांतीत पहिला दिवस चाहत्यांचा, पुढचे सगळे कुटुंबांचे. आजी-आजोबा, पोरंटोरं, माहेरी आलेल्या लेकी एकत्र जाणार. शेजारच्या पडद्यावर निर्मळ विनोद असताना ते मुंडकी उडणारा सिनेमा का निवडतील? 'विनय विधेय राम'च्या जाहिरातीत एकत्र कुटुंबाचा चेहरा होता. ज्यांना त्या चेहऱ्याने बोलावलं, त्यांनाच आतल्या रक्ताने परत पाठवलं.

---

चौथा खेळ:

हे अगदी पटलं.

---

अनामिका_ग:

विवेक ओबेरॉयबद्दल कुणी लिहिलं नाही. 'रक्तचरित्र'मध्ये (२०१०) राम गोपाल वर्मांनी त्याच्याकडून आंध्रातल्या वैराचं इतकं धगधगतं काम करून घेतलं होतं की तेलुगू खलनायक म्हणून त्याची निवड चुकीची म्हणता येणार नाही. मग राजूभाई का पोकळ वाटतो?

---

रीळमास्तर:

कारण त्याला जिंकूच दिलेलं नाही. 'लेजंड'मधला जगपती बाबू बघा. आयुष्यभर नायक केलेला नट पहिल्यांदा खलनायक झाला, आणि त्याला मोठे प्रसंग मिळाले जिथे तो शांत बसून समोरच्याचं वाटोळं करतो. राजूभाईची दहशत त्याच्याभोवतीची माणसं ओरडून सांगतात. रुक्ष माळ, शेकडो बंदूकधारी, जीपगाड्या, सगळं दिसतं. पण त्याचा धंदा काय, तो निवडणुकीला एवढा का घाबरतो, लोक त्याला का मानतात, हे कळत नाही. ज्याची निवडणूक बंद पाडण्याची ख्याती आहे, त्याला एकदा तरी मतपेटी, उमेदवार, मतदार यांच्यासमोर काहीतरी करताना दाखवायला हवं होतं. भुवनकुमारशी त्याची आमनेसामने भेट हा सिनेमातला सगळ्यात वजनदार प्रसंग व्हायला हवा होता: एकाकडे फक्त कायद्याचा कागद, दुसऱ्याकडे अख्खं सैन्य. तो प्रसंग आहे, पण दिग्दर्शकाला तिथून लवकर निघून रामच्या आगमनाकडे जायची घाई आहे.

आणि हे बिहार कुठलंच नाही. रायलसीमेतला गटागटांचा रक्तपात बोयापाटींना आतून माहीत आहे. तिथली बोली, मिशीचा मान, घराण्यांची वैरं हे सगळं ते नेमकं पकडतात. बिहारला गेल्यावर तो आधार सुटला आणि नुसता धुरळा उरला.

---

मृद्गंध:

पण हिंदी डबमध्ये असे सिनेमे प्रचंड बघितले जातात, हेही खरं. 'सरैनोडू' आणि 'जय जानकी नायका'चा हिंदी डब 'खूँखार' यांनी यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळवले. मग थिएटरचा निकाल अंतिम मानायचा का?

---

कातरकाम:

दोन ठिकाणी पाहण्याची रीतच वेगळी. यूट्यूबवर सिनेमा तुकड्यांत बघितला जातो: मारामारी आली की थांबायचं, गाणं आलं की पुढे ढकलायचं. तिथे प्रत्येक प्रसंग सुटा उभा राहिला की पुरतं. बोयापाटींचे प्रसंग सुटे उभे राहतातच, ते त्यांचं बळ आहे. थिएटरमध्ये माणूस अडीच तास सलग बसतो आणि मागच्या प्रसंगाचं वजन पुढच्यावर येतं. क्रम बिघडला की तिथे उघडं पडतं. पैसे देऊन सलग पाहणाऱ्याने दिलेला निकाल याच सिनेमाबद्दल जास्त सांगतो.

---

सीडेड:

याच वळणावरचा दुसरा सूडपट म्हणजे त्रिविक्रम यांचा 'अज्ञातवासी' (१० जानेवारी २०१८). पवन कल्याणचा २५वा सिनेमा, तोही संक्रांतीचा. उद्योगपती आणि त्याचा मुलगा मारला जातो, दडवून ठेवलेला दुसरा मुलगा नाव बदलून त्याच कंपनीत शिरतो आणि मारेकरी शोधतो. अमेरिकेत नुसत्या आदल्या रात्रीच्या प्रीमियरना १५ लाख डॉलरच्या आसपास जमले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं ओसरलं. 'लार्गो विंच' (२००८) या फ्रेंच सिनेमाशी असलेलं साम्य इतकं उघड होतं की मूळ दिग्दर्शक जेरोम साल यांनी सिनेमा पाहून जाहीरपणे बोलून दाखवलं.

चूक मात्र उलट जातीची. 'विनय विधेय राम'मध्ये क्रोध फार लवकर येतो, 'अज्ञातवासी'त तो येतच नाही. बाप आणि भाऊ गेलेला माणूस कार्यालयात विनोद करत, नाचत फिरतो. शोध लागायचा तेव्हा आयता लागतो, आणि आदि पिनिशेट्टीचा खलनायक पार शेवटी बोलायला लागतो.

---

सोलापुरी:

आकड्यांचा खुलासा फार उपयोगी, धन्यवाद सीडेड. शेवटचा प्रश्न: 'स्कंद'मध्ये (२८ सप्टेंबर २०२३) बोयापाटींनी यातलं काही सुधारलं का? बघावा की नको?

---

चौथा खेळ:

सुधारलं नाही. सोसणारा माणूस आहे: श्रीकांतने केलेला कंपनीप्रमुख, खोट्या आरोपात तुरुंगात गेलेला. म्हणजे पाया बरोबर घातलाय. पण नायक कोण आणि तो हे का करतोय, हे इतका वेळ झाकून ठेवलंय की दोन मुख्यमंत्र्यांच्या मुलींना उचलून आणण्याचा सगळा धिंगाणा कशासाठी चाललाय हेच कळत नाही. राम पोतिनेनीची दुहेरी भूमिका शेवटाकडे उघडते. जे हत्यार 'लेजंड'मध्ये मध्यंतराला काढलं होतं, ते इथे पुढच्या भागाच्या जाहिरातीसाठी राखून ठेवलंय.

बोयापाटी समजून घ्यायचे असतील तर आधी 'लेजंड' सलग पाहा, मध्यंतर न चुकवता, आणि जयदेव येण्याआधी किती वेळ वाट पाहायला लावलीय ते घड्याळ लावून मोजा. मग 'विनय विधेय राम' लावा आणि पहिली मोठी मारामारी कितव्या मिनिटाला येते ते बघा. 'स्कंद' त्यानंतर, वेळ असेल तरच.